सुटी होणारी प्रिव्ह्यू खिडकी

चित्रसंपादन वा व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलाचा परिणाम दाखवणारी प्रिव्ह्यू खिडकी मुख्य खिडकीच्या कडेला जोडता येते आणि हवी तेव्हा ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेता येते. जोडण्याच्या या क्रियेला डॉकिंग म्हणतात. गिम्प या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून सर्व खिडक्या सुट्याच असत, आणि त्या पडद्यावर विखुरतात ही तक्रार इतकी जुनी होती की 2012 मधील 2.8 या आवृत्तीत त्या एकत्र बांधणारी एक-खिडकी पद्धत आली, मात्र जुनी पद्धतही पर्याय म्हणून राहिली, हे शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

खिडकी सुटी करणे वरवर सोपे दिसते. क्यूटी या प्रोग्रॅमिंग संचात त्यासाठी क्यूडॉकविजेट हा तयार घटक आहे. खरी अडचण आतल्या चित्रात असते, कारण ओपनजीएलने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणाऱ्या प्रणालीने, रंगवलेला प्रिव्ह्यू नव्या खिडकीत गेला की त्याचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे कार्डावरील त्याची सारी चालू स्थिती, सामायिक वाटणी आधीच चालू केलेली नसल्यास नष्ट होऊन नव्याने उभारावा लागतो.

खिडक्यांची मांडणी जतन करणेही आवश्यक असते. परंतु दुसरा मॉनिटर काढल्यावर जतन केलेली जागा पडद्याबाहेर पडू शकते, म्हणून ती पुन्हा लावण्यापूर्वी तपासावी लागते. लिनक्सवरील वेलँड प्रणालीत तर सामान्य प्रोग्रॅमला स्वतःच्या मुख्य खिडकीची पडद्यावरील जागा ठरवताच येत नाही.