शिब्बोलेथ आणि येसू

अक्षर आणि श्रद्धा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण तिबिर्याच्या मासोरा पंडितांपाशी थांबलो होतो. केवळ व्यंजनांत लिहिलेल्या हिब्रू शास्त्राला त्यांनी स्वरखुणा कशा दिल्या, ते पाहिलं. त्याच खुणा एका नावापाशी आल्यावर काय घडलं, हा आजचा विषय. पण लिहायला बसण्याआधी नगर जिल्ह्यातल्या एका आजींचा फोन आला आणि लेखाला वेगळीच निकड आली.

आजींना कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. ‘येशू’ हे नाव ग्रीकांनी बिघडवलेलं आहे; देवाचं आणि तारणाऱ्याचं मूळ हिब्रू नाव अचूक उच्चारल्याशिवाय तारण नाही, असं त्यात ठासून सांगितलं होतं. आजी म्हणाल्या, “भाऊ, साठ वर्सं येसू येसू म्हणत आले. मग ते समदं वाया गेलं का?”

आजी ‘येशू’ म्हणत नाहीत, ‘येसू’ म्हणतात. त्यांच्या तोंडी शाळेची साळा होते, देशाचा देस होतो. साठ वर्षांची प्रार्थना एका व्यंजनावर अडकली असेल, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट, पुराव्यानिशी द्यायला हवं.

ही शिकवण फार जुनी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही शब्बाथ पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘पवित्र नाम’ चळवळ रुजली. अँजेलो ट्रेना यांनी १९६३ मध्ये हिब्रू नावं घातलेलं इंग्रजी बायबलही काढलं. मूळ नावाविषयी ओढ वाटणं यात वावगं काहीच नाही. कुणी प्रेमाने ‘येशुआ’ म्हणत असेल, तर त्याने जरूर म्हणावं. पण चळवळीतले काहीजण पुढे जाऊन उच्चाराला तारणाची अट करतात. ही अट शास्त्राला आणि इतिहासाला धरून आहे का, ते आपण तपासू.

चार अक्षरं आणि एक मौन

हिब्रू शास्त्रात देवाचं विशेषनाम चार अक्षरांचं आहे : योद, हे, वाव, हे. ते सुमारे ६,८०० वेळा येतं. यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात वर्णन आहे की, प्रायश्चित्ताच्या दिवशी यरुशलेमच्या मंदिरात प्रमुख याजक हे नाव मोठ्याने उच्चारत असे आणि ते कानी पडताच लोक साष्टांग दंडवत घालत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केलं आणि तो प्रसंगच उरला नाही. वाचताना ही चार अक्षरं आली की त्यांच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, म्हणायचं, हा रिवाज आजही चालतो. एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘ते नाव’. त्याच मिश्नात अब्बा शाऊल या गुरूंचं मत नोंदवलं आहे : जो हे नाव त्याच्या अक्षरांप्रमाणे उच्चारील, त्याला येणाऱ्या युगात वाटा नाही. ज्या समाजाने हे नाव जिवापाड जपलं, त्याने ते न उच्चारूनच जपलं.

छापील हिब्रू शास्त्राचं पान उघडलं की हे मौन डोळ्यांना दिसतं. योदच्या पायाशी एकाखाली एक दोन ठिपके असतात, वावखाली इंग्रजी टी-सारखी बारीक खूण. या खुणा त्या नावाच्या नाहीतच. त्या बहुतेक ठिकाणी, थोड्या फरकाने, ‘अदोनाय’ या शब्दाच्या आहेत. वाचणाऱ्याने इथे काय म्हणायचं याची ती आठवण आहे. पुढे ख्रिस्ती वाचकांनी एका शब्दाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले, त्यातून ‘यहोवा’ हे रूप झालं. विल्यम टिंडेलच्या १५३० च्या इंग्रजी पंचग्रंथात ते सापडतं. अभ्यासक आज ‘याहवे’ हे रूप मूळच्या जवळचं मानतात. शोमरोनी लोक हे नाव कसं घेतात, याची पाचव्या शतकात थिओडोरेट या ख्रिस्ती लेखकाने ग्रीक लिपीत करून ठेवलेली नोंद, हा त्याचा एक मोठा आधार. अनुमान भक्कम आहे, पण ते अनुमानच. मंदिरातला तो आवाज ऐकलेला कान आता कुठेच नाही. ज्या उच्चाराची शपथ कुणालाच घेता येत नाही, त्यावर लोकांचं तारण टांगायचं कसं?

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, शतकानुशतकं बाकीच्या यहुद्यांपासून तुटल्यामुळे त्यांना हिब्रूचा विसर पडला, पण ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मराठीत ते त्याला ‘मशीद’च म्हणत आले. त्या प्रार्थनेत ती चार अक्षरं आहेत आणि ती ‘अदोनाय’ अशी म्हटली जातात. पूर्व युरोपातले यहुदी तोच शब्द ‘अदोनोय’ असा म्हणत. प्रार्थना मात्र तीच राहिली.

यहोशवा, येशुआ, इएसूस

आता तारणाऱ्याचं नाव. मोशेने होशेयाचं नाव बदलून यहोशवा ठेवलं, असं गणनाच्या तेराव्या अध्यायात आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर हेच नाव आखडून ‘येशुआ’ झालं. नहेम्याच्या आठव्या अध्यायात नूनाच्या मुलाचा, म्हणजे त्याच यहोशवाचा, उल्लेख मूळ हिब्रूत ‘येशुआ’ असा येतो. एकाच माणसाच्या नावाची दोन रूपं खुद्द हिब्रू शास्त्रातच आहेत.

मग ख्रिस्तजन्मापूर्वीच, यहुद्यांनी स्वतः, आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं. ग्रीकमध्ये ‘श’ नाही. शेवटचा घशातला ‘आयिन’ही नाही. शिवाय पुरुषाच्या नावाला अखेरीस ‘स’ जोडण्याची त्या भाषेची रीत. त्यातून यहोशवाचा ‘इएसूस’ झाला. हे नाव झ्यूस या ग्रीक देवावरून आलं, असा दावा त्या व्हिडिओत होता. त्याला काडीचाही आधार नाही.

नव्या करारातल्या पत्रांत आणि शुभवर्तमानांत हेच ‘इएसूस’ आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २६ मध्ये पौल सांगतो की, दिमिष्काच्या वाटेवर येशूचा आवाज त्याच्याशी इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत बोलला. नावाच्या हिब्रू ध्वनीवर तारण अवलंबून असतं, तर लूकने ते नाव इथे तरी जसंच्या तसं लिहिलं असतं. त्याने ‘इएसूस’च लिहिलं. प्रभूचं नाव घेणाऱ्याचं तारण होईल, हे योएलचं वचन या शिकवणीचा मुख्य खांब आहे. योएलच्या हिब्रूत तिथे ती चार अक्षरं आहेत. तेच वचन पौल रोमकरांस पत्रात, दहाव्या अध्यायात घेतो, तेव्हा त्या अक्षरांच्या जागी ‘कुरिओस’, म्हणजे ‘प्रभू’, हा साधा ग्रीक शब्द येतो.

ग्रीकच्या वाटेला न जाता सुरियानीतून हे नाव केरळात पोचलं, तिथे ते ‘ईशो’ झालं. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं आणि कोंकणीत ‘जेजू’ झालं. मराठी ‘येशू’त ग्रीकांना न जमलेला ‘श’ टिकून आहे.

आणि ‘नाव घेणं’ म्हणजे तरी काय? हिब्रू ‘शेम’ या शब्दात कीर्ती, अधिकार, स्वभाव हे सगळं येतं. आपणही म्हणतो, पोराने बापाचं नाव काढलं, किंवा घराण्याचं नाव बुडवलं. यात उच्चाराचा संबंध येतो कुठे? मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभूच्या नावाने मोठमोठी कृत्यं केल्याचं सांगणारे लोक येतात आणि त्यांना ओळख नाकारली जाते. नाव त्यांच्या तोंडी होतं. पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणं नव्हतं.

नदीच्या उतारावर

शास्त्रात उच्चाराची एक परीक्षा मात्र आहे. शास्ते, अध्याय १२. एफ्राइम्यांशी झालेल्या युद्धात गिलाद्यांनी यार्देनेचे उतार अडवले. पळून आलेल्या प्रत्येकाला ते ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. एफ्राइम्यांच्या जिभेला तो ‘श’ जमत नसे. ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत आणि तिथेच मारले जात. त्या युद्धात ४२,००० एफ्राइमी पडले. मारणारे आणि मरणारे दोघेही इस्राएलचेच, एकमेकांचे भाऊबंद. ती परीक्षा माणसांनी घेतली होती, आणि तिचा निकाल प्रेतांत लागला.

‘श’ आणि ‘स’ यांच्यामध्ये उभं करून कुणी आजींना तारणाची परीक्षा द्यायला लावतो, तेव्हा मला तो नदीचा उतार आठवतो. आणि वधस्तंभावरची हाकही आठवते. मत्तय ती ‘एली’ अशी लिहितो, मार्क ‘एलोई’ अशी. प्रभूच्या अखेरच्या वेदनेतल्या हाकेचीही दोन रूपं शास्त्राने शेजारी शेजारी राहू दिली.

आजींना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि मार्काचा दहावा अध्याय काढायला सांगितला. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, तो अधिकच ओरडतो. बार्तीमय अरामी बोलत असणार, पण मार्काने त्याची हाक ग्रीकमध्ये लिहिली. ग्रीकमध्ये हाक मारताना ‘इएसूस’चा शेवटचा ‘स’ गळतो. उरतं ‘इएसू’. भरभर म्हणा, ‘येसू’च ऐकू येईल. प्रभू त्याला सांगतो की, त्याच्या विश्वासाने त्याला बरं केलं; आणि तिथे मार्काने वापरलेलं क्रियापद तारणासाठीही वापरतात, तेच आहे.

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “थांबा भाऊ, चष्मा लावते. पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

(पुढील लेखांकात : ‘हालेलुया’ आणि ‘आमेन’, मराठी उपासनेत न बदलता आलेले दोन हिब्रू शब्द.)