शेजारच्या ओढ्यांची साक्ष

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी स्टेशन लागते. तिथे रुळांखाली एका ओढ्यावर मोरी बांधायची आहे, असे समजा. ती लहान पडली तर पाणी तुंबून भराव वाहून जाईल. म्हणून ५० वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर तिच्यातून जायला हवा. पण एवढ्याशा ओढ्याच्या पुराची नोंद कोण ठेवतो?

मग शेजाऱ्यांना विचारायचे. शेजारी नुसता जवळचा नको. पाऊस, माती, उतार सारखे हवेत. केंद्रीय जल आयोग, हवामान खाते आणि रेल्वे यांच्या कामात देशाचे असे २६ उपविभाग पाडले आहेत.

नोंदी असलेले १० ओढे घ्या. प्रत्येकाच्या दरसालच्या सर्वांत मोठ्या पुराला त्याच ओढ्याच्या अशा पुरांच्या सरासरीने भागा. ओढ्यांचा लहानमोठेपणा गळून जातो. प्रत्येकी १५ वर्षांच्या नोंदी असतील, तर १५० गुणोत्तरे हाती येतात! (एकाच पावसाने दहाही ओढ्यांना पूर आला असेल, तर मात्र ती साक्ष एकाचीच.) त्यांवरून ५० वर्षांच्या पुराचे गुणोत्तर समजा ३ आले. आपल्या ओढ्याचा सरासरी पूर त्याच्या पाणलोट क्षेत्रावरून अजमावा आणि ३ ने गुणा.

असा पूर यंदा आला म्हणून पुढची ४९ वर्षे निर्धास्त राहू नका. दरवर्षी त्याची शक्यता १/५० असतेच. ५० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा ६४ भरते. करून पाहा.