बोंडअळी आणि संमतीची अट

कापसाचे बोंड पोखरणारी अळी ही आपल्या शेतकऱ्याची जुनी वैरीण. तिच्यावरचा उतारा मातीतल्या ‘बॅसिलस थुरिंजेन्सिस’ नामक जिवाणूपाशी सापडला. त्याचे प्रथिन अळीच्या पोटात विरघळून आतड्याला छिद्रे पाडते. त्या प्रथिनाचा जनुक शास्त्रज्ञांनी कापसात घातला. हाच बीटी कापूस होय.

२००२ च्या मार्चमध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना तीन वर्षांपुरती संमती दिली. तीत एक अट होती: बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी अथवा पेऱ्याचा वीस टक्के भाग, यांपैकी जे अधिक असेल तेवढा पट्टा राखावा.

अळीसाठी रान का सोडावे, असे कोणासही वाटेल. परंतु मर्म त्यातच आहे. प्रथिनाला न जुमानणारे पतंग प्रारंभी विरळाच असतात. पट्ट्यातील साध्या पतंगांशी त्यांचे मीलन झाले, तर पुढची पिढी बहुधा पुन्हा त्या प्रथिनाला बळी पडते. पट्टाच नसेल, तर चिवटांचेच कुळ वाढते.

बियाण्याबरोबर साध्या सरकीची पुडी मिळत असे. पुष्कळांनी ती पेरलीच नाही. शिवाय पऱ्हाटी हंगामानंतरही उभी राहू लागली. अखेर २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटी वाणांचीही बोंडे पोखरली.

संमती दिल्लीत मिळते खरी. तिची अट मात्र बांधावरच पाळावी लागते.