डॉक्टरांच्या शिक्षणाची कसोटी

जबलपूर शहरात कमानिया दरवाज्याच्या परिसरात सराफा नावाचा जुना बाजार आहे. विकावयास आणलेला दागिना हाती पडला, की सराफ तो आधी कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि मगच भाव बोलतो. आपले सोने चोख आहे, असे गिऱ्हाइकाने शपथेवर सांगितले, तरी त्याचा शब्द ही काही कसोटी नव्हे. गिऱ्हाईक खोटेच बोलत असते असे नाही. आपल्या सोन्यातील हीण बहुधा त्याचे त्यालाच ठाऊक नसते. अलीकडे यंत्रे आली, हॉलमार्कची खूण आली. परंतु परीक्षेवाचून व्यवहार नाही, हे तत्त्व कायम आहे.

ज्या विद्येवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्या वैद्यकविद्येच्या बाबतीत हे तत्त्व कितपत पाळले जाते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पदवी मिळाली म्हणजे डॉक्टरचे शिक्षण संपले, असे आता कोणीच मानीत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीने प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास अशा निरंतर शिक्षणास द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. तास मोजणे सोपे असते. त्या तासांत नेमके काय शिकवावे, हे ठरविणे अवघड. पुष्कळदा वक्ता कोण मिळतो, सभागृह केव्हा मोकळे आहे आणि कोणत्या विषयाला गर्दी जमेल, यांवरच कार्यक्रम आखला जातो. शिकणाऱ्याला उणीव कशाची आहे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे डॉक्टरांनाच विचारणे. तो आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १६ कुटुंब-वैद्यांवर केलेला एक प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. कोणते विषय शिकावयास आवडतील आणि कोणते आवडणार नाहीत, हे त्यांच्याकडून आधी जाणून घेतले होते. पुढे असे दिसले, की आवडीच्या विषयांत शिक्षण घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही सारखेच सुधारले. शिक्षणाचा खरा लाभ दिसला तो नावडत्या विषयांत. मनुष्य ज्याची आवड धरतो, ते तो आपण होऊनच वाचतो. ज्याकडे त्याची पाठ असते, तेथेच त्याचे अज्ञान दडलेले असते. २००६ साली झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःविषयी केलेले अनुमान आणि बाहेरून घेतलेली परीक्षा यांची २० ठिकाणी तुलना करण्यात आली. त्यांपैकी १३ ठिकाणी दोहोंत फारसा मेळ आढळला नाही. क्वचित तो उलटाही होता. ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी आणि आत्मविश्वास सर्वांत अधिक, त्यांचेच अनुमान सर्वाधिक चुकले होते.

मग कसोटीचा दगड शोधावा कोठे? तो रुग्णांमध्ये शोधावा लागतो. जबलपूरला १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी केंद्र शासनाची संस्था आहे. शेजारचे मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे गोंड व बैगा समाजांचे. या टापूत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा मुलाचे सांधे दुखतात, अंगी रक्त राहत नाही, वारंवार ताप येतो. डॉक्टरच्या मनात हा रोग नसेल, तर सांधेदुखीवर संधिवाताचे, तापावर हिवतापाचे आणि पांडुरोगावर लोहाचे औषध देऊन तो मोकळा होतो. तीनही वेळा त्याला आपले काही चुकले असे वाटत नाही. आणि ज्या रोगाचा संशयच येत नाही, त्याचे व्याख्यान तो कशाला मागील? वास्तविक रक्ताची एक साधी चाचणी त्या संशयाची वाट दाखवू शकते. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात आणि ताप आलेल्या अशा मुलाला तातडीने उपचार मिळाले, तर त्याचा प्राण वाचू शकतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचे यश अखेर खेड्यातील डॉक्टरला पहिला संशय येण्यावरच अवलंबून आहे. गडचिरोली आणि नंदुरबार या जिल्ह्यांनाही हे तितकेच लागू आहे.

मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावाचे उदाहरण असेच बोलके आहे. १९९० च्या दशकात तेथील मुलांचे पाय गुडघ्यांतून वाकू लागले. कारण हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइडमध्ये सापडले. जबलपूरच्या संशोधकांनी निर्धोक पाण्याबरोबरच आहाराकडे लक्ष पुरविले. त्यात कॅल्शियमयुक्त अशा रानातल्या टाकळ्याच्या भाजीचाही उपयोग करण्यात आला. अशा टापूतील डॉक्टरला आपल्या भागातील पाण्याची माहिती असणे, हे परदेशातील एखाद्या नव्या शस्त्रक्रियेच्या माहितीपेक्षा अधिक निकडीचे होय.

परंतु प्रत्येक उणीव ही ज्ञानाचीच असते, असे समजणे हीदेखील चूक ठरेल. मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात तयार केलेले रुग्ण पाठवून केलेली एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तेथे उपचार करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांजवळ वैद्यकीय पदवीच नव्हती. सरासरी भेट चार मिनिटांहून कमी होती आणि विचारावयास हव्या त्या प्रश्नांपैकी व करावयास हव्या त्या तपासण्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच होत होत्या. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तेच सरकारी डॉक्टर आपल्या खाजगी दवाखान्यात रुग्णाला अधिक वेळ देत आणि अचूक उपचारही अधिक वेळा करीत. म्हणजे विद्या होती, पण ती वापरली जात नव्हती. अशा ठिकाणी आणखी एक व्याख्यान ठेवणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याचे गुणधर्म सांगणे होय. जेथे चाचणीचे साहित्य नाही तेथे साहित्य पुरवावे, जेथे गर्दी आहे तेथे मनुष्यबळ द्यावे, जेथे कर्तव्यात कुचराई आहे तेथे देखरेख असावी. शिक्षणाने फक्त अज्ञानच दूर होते.

तेव्हा क्रम असा असावा: प्रथम त्या भागातील रोगांची आणि मृत्यूंची नोंद पाहावी. नंतर केसपेपर काढून प्रत्यक्ष उपचार कसे झाले, ते तपासावे. डॉक्टरांना विचारावे आणि रुग्णांनाही विचारावे. या सर्वांतून जी तफावत दिसेल, तीत ज्ञानाचा भाग किती, हे वेगळे काढावे आणि तेवढ्यापुरताच वर्ग आखावा. हा शोध दोष काढून शिक्षा करण्यासाठी असता कामा नये. तसे झाले तर केसपेपरवर जे लिहिले जाईल, त्यावर कोणी विश्वास ठेवू शकणार नाही. सहा महिन्यांनी तेच कागद पुन्हा उघडावेत. वर्ग आवडला काय, हा प्रश्न गौण. वर्गानंतर रुग्णाचा उपचार बदलला काय, हा खरा.

सराफ्यात परीक्षा चुकली, तर पैशाचे नुकसान होते आणि ते आज ना उद्या भरून निघते. मंडल्याच्या वाटेवरील एखाद्या आरोग्य केंद्रात सांधे धरून बसलेल्या मुलाच्या बाबतीत ती चुकली, तर होणारे नुकसान भरून काढणारा व्यापार अद्याप निघालेला नाही.