पाण्याच्या मागाने संभाजीनगर

बदलीचा हुकूम हाती पडून जे कुटुंब छत्रपती संभाजीनगरात प्रथमच बिऱ्हाड थाटते, त्यातील वडील मंडळींना वेरूळ-अजिंठ्याची नावे अगोदरच मुखोद्गत असतात. त्यामुळे सामानाच्या गाठोड्या पुरत्या सुटण्यापूर्वीच, पहिल्या सुटीच्या दिवशी, चौतीस लेणी, एक दुर्ग, एक मकबरा आणि घृष्णेश्वराचे दर्शन एवढे सारे सूर्यास्तापूर्वी उरकण्याची तजवीज होते, आणि रात्री थकून झोपलेल्या मुलांच्या स्मरणात उन्हाखेरीज फारसे काही उरत नाही. हे शहर मुलांना दाखवावयाचे तर ते पाण्याच्या मागाने दाखवावे, असे माझे मत आहे. कारण या खडकाळ मुलखात ज्याने ज्याने राज्य केले, त्याला तटबंदीइतकीच पाण्याची चिंता वाहावी लागली, आणि ती चिंता दगडात आजही डोळ्यांना दिसते.

आरंभ पाणचक्कीपासून करावा. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सूफी सत्पुरुषाच्या दर्ग्याच्या आवारात ही पाण्यावर चालणारी चक्की उभारण्यात आली ती तेथे येणाऱ्या फकिरांना व यात्रेकरूंना पीठ मिळावे म्हणून. शहराबाहेरील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून येथवर आणलेले आहे. ते एका उंच भिंतीच्या पोटातून वर चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. मुलाला त्या भिंतीपाशी उभे करावे, तुषार अंगावर घेऊ द्यावे, आणि हे पाणी कोणीही न उचलता वर कसे चढले, हे त्याने विचारीपर्यंत आपण गप्प राहावे. उगम माथ्याहून उंच आहे, म्हणून बंद नळातले पाणी आपल्या मूळच्या उंचीकडे धाव घेते, हे उत्तर पुस्तकात अर्धे कळते आणि येथे पुरते कळते. त्यानंतर त्याला हौदाखालच्या दालनात न्यावे: भरभक्कम खांबांवर तोललेले जे छत डोक्यावर आहे, तोच वरच्या हौदाचा तळ आहे, हे समजताच लहान मुले माना वर करून ज्या विस्मयाने पाहू लागतात, तो विस्मय मला कोणत्याही मार्गदर्शकाच्या निवेदनाहून मोलाचा वाटतो.

या विद्येची परंपरा शहराच्या जन्माइतकी जुनी आहे. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी या लहानशा गावी राजधानी वसविली, आणि नव्या वस्तीला पाणी पुरविण्यासाठी भूमिगत नहर बांधून काढली. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या, परक्या देशातून आलेल्या या पुरुषाने नव्या गावात प्रथम पाण्याचा बंदोबस्त केला, ही हकिकत नुकत्याच शाळा बदललेल्या मुलाला अवश्य सांगावी. संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे सिद्धार्थ उद्यान आहे, हिमायत बागेची जुनी झाडी आहे. दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिजरी तलावास आता पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव आहे, आणि त्याच्या भोवतीच्या झाडीत पाणपक्षी नित्य दृष्टीस पडतात.

देवगिरी शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर आहे. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. यादवांच्या या राजधानीचा डोंगर चहूबाजूंनी उभा तासून काढलेला आहे आणि पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आहे. मुलांना सन-सनावळ्या न सांगता शत्रूच्या भूमिकेत उभे करावे, आणि येथून वर कसे जाल, एवढेच विचारावे. अंधारी नावाच्या भुयारी वाटेच्या काळोखात, वटवाघळांच्या वासात, आपले बोट घट्ट धरून चालणाऱ्या मुलाला त्या दुर्गरचनेचा हेतू आपोआप उमगतो. 1296 साली अलाउद्दीन खलजीच्या वेढ्यात गडावरची पोती उघडली तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही परंपरागत कथा मेंढा तोफेपाशी बसून सांगावी. मुले ती विसरत नाहीत. मोसमात गडाच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, तेथे थांबावेच.

वेरूळला श्रावणात जावे, आणि मंगळवारी लेणी बंद असतात हे ध्यानात ठेवावे. चौतीसांपैकी तीन पुरेत. कैलास माथ्यापासून पायथ्याकडे कोरला गेला असल्याने प्रथम कडेच्या डोंगरावरून तो खाली पाहावा, मग अंगणातल्या हत्तींपाशी उतरावे. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, छताच्या दगडी फासळ्या लाकडी तुळयांसारख्या कोरलेल्या आहेत. तेथे हळू आवाजात म्हटलेला स्वरसुद्धा बराच वेळ घुमत राहतो. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. तेथील खडक निसरडा असतो, म्हणून मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

पाण्याचा हा माग शेवटी पैठणला, पन्नासेक किलोमीटरवरील नाथसागराशी पोहोचतो. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि 1976 साली ते राष्ट्राला अर्पण झाले; संभाजीनगरच्या घराघरांतील नळांना येणारे पाणी याच जलाशयाचे. जलाशय शहराहून सखल असल्यामुळे हे पाणी पंपांनी वर चढवावे लागते, हा भेद पाणचक्की पाहून आलेले मूल चटकन ओळखते. हिवाळ्यात, उजाडण्यापूर्वी निघून काठ गाठला, तर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात; पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी मागे हटले की काठची दलदल उघडी पडते, आणि मऊ गाळावर उमटलेला कोणता ठसा कोणत्या पक्ष्याच्या पावलाचा, यावर भावंडांचा असा वाद रंगतो की डबे उघडण्याची आठवण मोठ्यांनाच करून द्यावी लागते.