लॉग टेबलची मळकी पानं

१८८१ साली सायमन न्यूकम या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने दोन पानांचं टिपण छापलं. त्याच्या डोळ्यांना खटकलेली गोष्ट अशी: लॉग टेबलची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात!

हे पुस्तक तेव्हा रोजच्या वापरातलं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिथम मांडले, हेन्री ब्रिग्जने त्यांना दहाचा पाया दिला, आणि गुणाकार बेरजेवर आले. १० चा कितवा घात केला की एखादी संख्या मिळते, तो घातांक म्हणजे तिचा लॉग. २ चा ०.३०१०, ३ चा ०.४७७१. बेरीज ०.७७८१, टेबलात याच्या सगळ्यांत जवळचा लॉग सापडतो ६ समोर. झाला गुणाकार.

टेबलाच्या पहिल्या पानांवर १ ने सुरू होणाऱ्या संख्या, शेवटी ९ ने सुरू होणाऱ्या. म्हणजे लोकांना १ वाल्या संख्याच जास्त लागत होत्या. का बरं? नऊही अंकांची पाळी सारखीच यायला नको?

एक लाख रुपये ७ टक्के चक्रवाढीने ठेवा. त्याचे दोन लाख व्हायला सव्वादहा वर्षं लागतात आणि तोवर रकमेचा पहिला अंक १ हलत नाही. नवाचे दहा लाख मात्र दीडेक वर्षात होतात. एकाचे दहा लाख होण्यात एकूण ३४ वर्षं जातात. त्यातला १ चा वाटा ३०.१ टक्के. २ चा लॉग किती होता? ०.३०१०! व्याजदर वाटेल तो घ्या, वर्षं बदलतील, हा वाटा तोच राहील.

फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये नद्यांची क्षेत्रफळं, गावांची लोकसंख्या, अणुभार असले २०,२२९ आकडे तपासले. साधारण ३० टक्के १ ने सुरू होणारे, ९ ने पाच टक्क्यांहूनही कमी. पहिल्या अंकाच्या या नियमाला नाव बेनफर्डचं पडलं. न्यूकम बिचारा बाजूलाच राहिला.

हिशेब तपासनीस आज याच नियमाने संशयास्पद आकडे हेरतात. मनाने रचलेल्या आकड्यांत १ पुरेसा येत नाही. तेवढ्यावर कुणाला चोर मात्र ठरवता येत नाही, कारण आकडे अनेक पटींत पसरलेले असले तरच नियम लागू पडतो. माणसांच्या उंचीला तो लागू नाही. आणि भारतातल्या मोबाइल नंबरांत तर १ ने सुरू होणारा एकही नाही.