बार्शी रोड आणि बार्शी टाऊन : स्टेशनांच्या नांवांवरून कागदांचा काळ

जुन्या दप्तरांतील कित्येक पत्रांवर तिथि असते, पण शक नसतो. अशा पत्राचा काळ ठरवितांना आपण अक्षर, कागद व शिक्का पाहतों; त्यांत आलेल्या रेल्वे स्टेशनाच्या नांवाकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. तें नांव किती उपयोगी पडतें, हें बार्शीच्या उदाहरणावरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून निघालेला रस्ता इ. स. १८५९ (शके १७८१) मध्यें जेथवर आला, त्या स्टेशनास 'बार्शी रोड' हें नांव मिळालें. १८६० सालीं गाडी पुढें सोलापुरास पोंचली. हें बार्शी रोड म्हणजेच आजचें कुर्डुवाडी. बार्शी तेथून सुमारें २१ मैल दूर. रेल्वेच्या भाषेंत 'रोड' म्हणजे अमुक गांवीं जाण्यासाठीं जेथें उतरून सडक धरावयाची तें ठिकाण. नाशिक रोड, अक्कलकोट रोड हीं नांवें त्याच रीतीचीं आहेत. तेव्हां "माल बार्शी रोडास उतरला" या वाक्यावरून माल बार्शीच्या पेठेंत पोंचला असें मानणें चुकीचें होय. पुढचा २१ मैलांचा प्रवास अद्याप राहिलेला असे.

हें अंतर १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वेनें जोडलें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें बांधलेला हा अडीच फुटी रूळमार्ग बार्शीस आला आणि गांवच्या स्टेशनास 'बार्शी टाऊन' म्हणूं लागले. पुढें हा मार्ग १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस गेला.

यावरून तीन गोष्टी निघतात. बार्शी रोडाचा स्टेशन म्हणून उल्लेख असलेला कागद १८५९ च्या आधींचा असूं शकत नाहीं. बार्शी टाऊनाचा उल्लेख १८९७ च्या आधीं संभवत नाहीं. वारकरी आगगाडीनें थेट पंढरपुरास उतरल्याचें लिहिलें असेल, तर तें पत्र १९०६ च्या आधींचें नव्हे.

मात्र येथें सावधगिरी हवी. स्टेशनाचें नांव काळाची पूर्वमर्यादा देतें, उत्तरमर्यादा देत नाहीं. नवें नांव रूढ झाल्यावरहि जुनें लोकांच्या तोंडीं राहतें. यास्तव केवळ 'बार्शी रोड' एवढ्यावरून कागद जुना ठरवूं नये.

बार्शी लाइट रेल्वे सरकारनें १९५४ सालीं विकत घेतली. पुढें अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले. तरी बार्शीच्या स्टेशनाचें 'टाऊन' हें उपपद टिकून आहे. ज्या दुसऱ्या नांवापासून वेगळें दाखविण्यासाठीं तें लागलें, तें नांव मात्र आतां कागदांतच उरलें आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, घरच्या दप्तरांतील मालाच्या पावत्या व हुंडेकऱ्यांचीं पत्रें रद्दी समजून टाकूं नयेत. शक नसलेल्या एखाद्या महत्त्वाच्या पत्राचा काळ अशा क्षुल्लक पावतीवरूनच लागण्याचा संभव असतो.